खडकातला वाफसा

काळ्या रानात ओल दिसते, तरी पीक माना टाकते. कारण चिकणमातीचे बारीक कण पाणी घट्ट धरून ठेवतात. मुळांना ते ओढता येत नाही. शेल हा खडकही मूळचा चिखलच, थरावर थर दाबून घट्ट झालेला. त्याच्या अतिसूक्ष्म छिद्रांत तेल, वायू आणि पाणी दाटीने राहतात. पाणी कणांना चिकटून बसले की वायूला जागा कमी पडते, वाटही अडते. चिबड रानात वाफसा नसला की मुळांना हवा मिळत नाही, तसेच हे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील मार्सेलस शेलमधून वायू काढताना एकेका विहिरीत दीड कोटी लिटरहून अधिक पाणी दाबाने सोडून खडकाला भेगा पाडतात. दीड कोटी लिटर म्हणजे वीस हेक्टर गव्हाची एक पाळी! त्यातले बरेचसे पाणी खडकातच राहते. परत येते ते खारट, पिकाला निरुपयोगी.

आपल्या देशातही २०११ साली ओएनजीसीला दुर्गापूरजवळ इच्छापूर येथे शेल वायू सापडला. म्हणून शेतकरी बंधूंनो, अशा कामाची बोलणी जिथे निघतील तिथे आधी विचारावे : पाणी कुठून आणणार आणि खारे पाणी कुठे सोडणार?