यंत्रमागांच्या गोंगाटातील ख्रिस्ती शांती

भुसावळ, जळगाव, नंदुरबार असे करीत तापीच्या खोऱ्यातून आलेला लोहमार्ग जेथे मुंबई-अहमदाबादच्या मुख्य मार्गास मिळतो, ते उधना सुरतेचे एक औद्योगिक उपनगर असून, उदरनिर्वाहासाठी गाव सोडलेल्या खानदेशातील असंख्य कुटुंबांनी त्याच्या आसपास बिऱ्हाडे थाटली आहेत. येथील यंत्रमाग बारा-बारा तासांच्या पाळ्यांत चालतात, मजुरी विणलेल्या मीटरवर ठरते आणि सूत तुटून माग थांबला की कमाईही थांबते. एखादे मोठे संकट मनुष्य धैर्याने सोसून जातो. परंतु ताक्यात डाग निघाला म्हणून कापलेली रक्कम, घरमालकाचा तगादा, रात्रपाळीहून आल्यावर तापल्या खोलीत न लागणारी झोप आणि त्या जागरणापायी मुलांवर निघणारा राग, ही नित्याची कटकट त्याचे अंतःकरण हळूहळू कुरतडीत राहते.

याच मार्गावर नवापूर लागते, ज्याचे स्थानक अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत आहे. त्या तालुक्यातील मावची समाजात ख्रिस्ती मंडळ्या पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. तिकडून कामासाठी आलेल्या श्रद्धावंताने या गोंगाटात ख्रिस्ताच्या शांतीचा अर्थ काय समजावा?

या शांतीचे वचन कोणत्या घटकेस दिले गेले, हे प्रथम पाहावे. आपली शांती मागे ठेवून जात असल्याचे येशूने शिष्यांना सांगितले ते अटकेच्या रात्री. बुद्धीपलीकडील शांतीविषयी पौलाने फिलिप्पैच्या मंडळीस लिहिले ते बंदिवासातून. तेव्हा परिस्थिती निवळल्यावर वाटणारे समाधान, हा तिचा अर्थ असूच शकत नाही. चिंता दडपून न टाकता प्रत्येक गोष्ट उपकारस्मरणासह देवापुढे मांडावी, असे पौल सांगतो. आणि प्रत्येक गोष्टीत पगारातून कापलेले रुपयेही आले.

मराठीत या विषयाची सर्वांत प्रांजळ साक्ष लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचता वाचता त्यांचे पती नारायण वामन टिळक येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी खिळून राहिले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला मात्र विरह, लोकनिंदा आणि अपार मनस्ताप आला. पुढे जातिभेद ईश्वराने नव्हे, मनुष्याने निर्माण केला, हे त्यांच्या मनाने घेतले, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय त्यांनी स्वतःच केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. हा क्रम मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यांच्या ठायी शांतीचा प्रवेश झाला तो शेजाऱ्याविषयीचा दुरावा गळून पडल्याने. संसारातील ओढाताण संपली नाही. टिळकांचा दानशूरपणा आणि तापट स्वभाव होता तसाच राहिला, पण त्या खटक्यांचे वर्णन करताना लक्ष्मीबाईंच्या लेखणीत कडवटपणाचा लवलेशही उतरत नाही.

येशूची आज्ञाही तशीच आहे: वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही असल्याचे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा. अनेक मंडळ्यांत प्रभुभोजनापूर्वी शेजाऱ्याशी हस्तांदोलन करून शांती चिंतिण्याची प्रथा आहे, ती याच भावनेची.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. या शांतीच्या नावाखाली कामगाराने अन्याय मुकाट्याने गिळावा, असा उपदेश कोणी करीत असेल तर तो ख्रिस्ताचा नव्हे. महायाजकापुढील चौकशीत शिपायाने चपराक मारली तेव्हा येशूने उलट हात उगारला नाही, पण आपले बोलणे योग्य असता का मारलेस, हा जाब त्याने विचारलाच. नाहक कापलेल्या मजुरीची तक्रार दाखल करणे आणि ती करताना मुकादमाचा द्वेष न करणे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच माणसाची आहेत.

सूर्य मावळेपर्यंत राग राहू देऊ नये, अशीही पौलाची शिकवण आहे. उधन्यात पुष्कळांचा सूर्य कामावर जातानाच मावळतो, आणि पाळी बदलताना माग ज्याच्या हातून ताब्यात घ्यायचा, बहुधा त्याच्याशीच तुटलेल्या सुतावरून वाद झालेला असतो. तो वाद त्या पाच मिनिटांत, मागापाशीच मिटवावा लागतो.