दुसऱ्याच्या दारचा कुत्रा

मार्च महिना सरला कीं आपल्या खानदेशांत ऊन तापूं लागतें, आणि मे महिन्यांत जळगांव-भुसावळकडे पारा पुष्कळदां ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत रस्त्यानें जातांना एखाद्या अंगणांत आंखूड दोरानें बांधलेला, जीभ बाहेर काढून धांपणारा कुत्रा आपल्या दृष्टीस पडतो. जवळचें पाण्याचें भांडें पालथें पडलेलें असतें. मनांत कळवळा येतो. पण लगेच दुसरा विचार येतो कीं, 'कुत्रा आपला नव्हे. ज्याचा आहे तो पाहून घेईल.' या दोहोंपैकीं कोणत्या विचारास अनुसरावें, आणि पहिल्यास अनुसरल्यास पुढें काय करावें, याचा थोडा ऊहापोह प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

या बाबतींत माझ्या हातून घडलेली एक चूक प्रथम सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं मी धुळ्यास शिक्षक असतांना पांझरा नदीच्या बाजूस एका गल्लींत राहत असें. शाळेच्या वाटेवर एका घराच्या ओट्याशीं एक केसाळ कुत्रा बांधलेला असे. लहानपणीं त्याच्या गळ्यांत बांधलेला दोर तो वाढल्यावरहि कोणीं सैल केला नव्हता. कुत्रा मान वांकडी धरी, आणि त्याच्या जवळून जातांना दुर्गंधि येई. हें मला कळत होतें. तरी 'परक्याच्या घरांत आपण कशाला तोंड घालावें' असें म्हणून मी जवळजवळ महिनाभर मुकाट्यानें जात राहिलों. शेवटीं न राहवून घरधन्यास सांगितलें. त्यानें केस बाजूस सारून पाहिलें, तों दोर मांसांत रुतलेला व जखमेंत किडे पडलेले. त्यानें तत्काळ पशुवैद्यास आणून दोर कापविला. पण जखमेचें विष अंगांत भिनलें होतें. चौथ्या दिवशीं कुत्रा मेला. तो गृहस्थ मला एवढेंच म्हणाला, "मास्तर, केसांमुळें मला दिसलें नाहीं. आपणांस कळत होतें, तर एक शब्द सांगावयाचा होता." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें, आजहि नाहीं.

आतां हयगय ओळखावी कशी, तें पाहूं. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगास घाम येत नाहीं. तो मुख्यतः जीभ बाहेर काढून व जलद श्वास घेऊन अंगांतील उष्णता बाहेर टाकतो, आणि या क्रियेंत त्याच्या शरीरांतील पाणी खर्च होतें. म्हणून सांवली व पाणी यांपैकीं एकाची जरी उणीव पडली तरी उन्हाळ्यांत त्याचे हाल होतात. लाळ दाट होऊन गळूं लागली, हिरड्या लालभडक झाल्या, चालतांना झोकांड्या जाऊं लागल्या, म्हणजे ऊन बाधलें असें समजावें. अशा वेळीं थोडा विलंबहि प्राणघातक होतो. गळ्याभोंवतीं जखम, कानांत व बोटांच्या बेचक्यांत गोचिडांचे थर, वळून वाढलेलीं नखें, बसण्याच्या जागींच सांचलेली घाण, उघड्या पडलेल्या फांसळ्या, हीं दीर्घकाळच्या हयगयीचीं चिन्हें होत.

तथापि एकाच चिन्हावरून निकाल देऊं नये. आपल्या दक्षिणेंतील कारवानी जातीचा शिकारी कुत्रा मुळांतच सडपातळ. त्याच्या फांसळ्या दिसणें हें उपासमारीचें लक्षण नव्हे. पिलें पाजणारी कुत्री, म्हातारा कुत्रा, औषधोपचार चालू असलेला कुत्रा, हे सर्व रोडच दिसतात. साक्रीकडील ठेलारी मेंढपाळांबरोबर हिंडणारे कुत्रे धुळीनें माखलेले असतात. पण ते मोकळे, चपळ व धन्याच्या हांकेसरशीं धांवणारे असतात. उलट एखाद्या बंगल्याच्या फाटकाशीं बांधलेला धष्टपुष्ट कुत्रा दिवसभर एकाच जागीं गरगर फिरत असेल, तर पोट भरलेलें असूनहि त्याची हयगयच होत आहे असें म्हटलें पाहिजे.

एका वर्षीं एप्रिल महिन्यांत जळगांव येथें नववींतील एक विद्यार्थी मजकडे आला व म्हणाला, "सर, आमच्या शेजारचा कुत्रा उन्हांत मरतो आहे. आज रात्रीं आम्ही दोघे मित्र दोर कापून त्याला सोडून देणार आहों." त्याचे डोळे भरून आले होते. मीं त्यास विचारलें, "सुटलेला कुत्रा जाईल कोठें? जन्मभर बांधलेल्या त्या जिवाला रस्त्यावरच्या मोटारी ठाऊक नाहींत, कीं दुसऱ्या कुत्र्यांची टोळी ठाऊक नाहीं. शिवाय धनी दुसरें पिलूं आणून त्याच जागीं बांधील, तेव्हां काय कराल?" यांत आणखी एक गोष्ट आहे. कुत्रा ही कायद्याच्या दृष्टीनें धन्याची मालमत्ता आहे. ती न विचारतां नेल्यास चोरीचा आरोप येऊं शकतो, आणि मग दयाळू मुलगा अपराधी व हयगय करणारा धनी फिर्यादी, असा उलटा प्रकार होतो.

मीं त्यास तीन दिवस केवळ पाहावयास व वहींत टिपून ठेवावयास सांगितलें. टिपणावरून असें दिसलें कीं, धनी एका डाळीच्या गिरणींत कामाला जाई. सकाळीं ६ वाजतां तो कुत्र्यास भाकरी घाली व पाणी भरून ठेवी. त्या वेळीं कुत्र्याच्या जागीं भिंतीची गर्द सांवली असे. १० वाजतां सांवली सरे. दोर खुंट्याला गुंडाळला जाऊन आंखूड होई, आणि त्याच ओढाताणींत हलकें भांडें कलंडे. सायंकाळीं धनी परते, तेव्हां पुन्हां सांवली आलेली असे. मधले ८ तास त्यानें कधीं पाहिलेच नव्हते!

तो विद्यार्थी आपल्या वडिलांस घेऊन त्या घरीं गेला. वडील म्हणाले, "नाना, तुमचा कुत्रा रात्रीं साऱ्या गल्लीची राखण करतो. दुपारीं तुम्ही कामावर असतां त्याचें पाणी सांडतें. तुमची हरकत नसेल तर माझा मुलगा तेवढें भरून ठेवील." पहिल्या दिवशीं धनी रागावला, "माझा कुत्रा, मी पाहून घेईन," असें म्हणाला. वडिलांनीं वाद घातला नाहीं. दोन दिवसांनीं धनी स्वतः होऊन त्यांच्याकडे आला. मग निंबाच्या झाडापासून भिंतीपर्यंत तार ओढून तीवर सरकती कडी बसविली, म्हणजे कुत्र्यास सांवलीमागें सरकतां येऊं लागलें. भांड्याच्या जागीं जड दगडी डोणी आली, आणि धनी सायंकाळीं त्यास फिरावयास नेऊं लागला. दोर कापून यांतील एकहि गोष्ट साधली नसती.

मुलांनीं येथें एक खबरदारी अवश्य घ्यावी. बांधलेला, भुकेला किंवा जखमी कुत्रा भीतीनें चावतो. म्हणून धनी जवळ नसतां त्याच्या अंगास हात लावूं नये, आणि न विचारतां कांहीं खावयास घालूं नये. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें १५ मिनिटें धुवावी. तिखट, चुना, हळद असें कांहीं लावूं नये. आणि त्याच दिवशीं सरकारी रुग्णालयांत जाऊन लस घ्यावी. पिसाळीचा रोग एकदां प्रकट झाला कीं त्यावर खात्रीचा इलाज नाहीं. लुई पाश्चर यानें १८८५ सालीं शोधिलेला लशीचा मार्ग मात्र वेळेवर धरला तर प्राण वांचतो. घरांत हें सांगण्यास भिऊं नये, व वडील मंडळींनींहि त्यासाठीं मुलांस रागें भरूं नये.

गोडीनें सांगून उपयोग झाला नाहीं तर? मारहाण, चिघळलेली जखम, अथवा घरास कुलूप लावून व कुत्रा बांधून धनी परगांवीं जाणें, असे प्रसंग वाट पाहण्याचे नव्हेत. अशा वेळीं कायद्याचा आधार आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांस यश येऊन १९६० सालीं प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या ११ व्या कलमान्वयें प्राण्यास पुरेसें अन्न, पाणी व निवारा न देणें, अवाजवी आंखूड किंवा जड सांखळीनें दीर्घकाळ बांधणें, आणि नेहमीं बांधलेल्या कुत्र्यास व्यायाम न देणें, हे अपराध ठरतात. पहिल्या अपराधास दंड १० ते ५० रुपयेच आहे, हें खरें; परंतु त्यामुळें 'माझा कुत्रा, मी कांहींहि करीन' हें म्हणणें कायद्यापुढें टिकत नाहीं. आपल्या राज्यघटनेंतहि १९७६ पासून प्राणिमात्रांविषयीं दया बाळगणें हें नागरिकाचें कर्तव्य म्हणून सांगितलें आहे. तक्रार वडील माणसांनीं दिवस, वेळ व पाहिलेली हकीकत लिहून पोलीस ठाण्यांत द्यावी, व पशुवैद्यकीय दवाखान्यांतहि कळवावें. वहींतील टिपणें येथेंहि उपयोगीं पडतात.

रागाच्या भरांतील कृति व विचारानें केलेलें काम यांतील भेद आपल्या इतिहासांतहि दिसतो. १८३२ सालीं मुंबईंत मोकाट कुत्रे मारण्याच्या हुकुमाविरुद्ध पारशी लोकांनीं मोठा दंगा केला. तो लवकरच शमला. परंतु १८३४ सालीं जमशेटजी जिजीभाई प्रभृति धनिकांच्या पुढाकारानें तेथें पांजरपोळ निघाली, ती अद्यापि मुक्या जिवांस आसरा देत आहे.

मोशेच्या नियमशास्त्रांत एक मार्मिक आज्ञा आहे. आपल्या वैऱ्याचें गाढव ओझ्याखालीं पडलेलें दिसल्यास त्यास तसेंच टाकून जाऊं नये. धन्याबरोबर राहून त्यास सोडवावें. गाढव परक्याचें, तोहि वैरी, तरी कर्तव्य चुकत नाहीं. आणि मदत करावयाची ती धन्यास बाजूस सारून नव्हे, तर त्याच्या जोडीनें. मला धुळ्यास हें सुचलें नाहीं. विद्यार्थिमित्रहो, तुम्ही दुपारीं शाळेंतून परत जातांना वाटेवरच्या अंगणांकडे लक्ष असूं द्या, आणि कांहीं दिसलें तर त्याच दिवशीं घरीं सांगा. महिनाभर थांबूं नका.