दोन मिनिटांची पाळी

दुपारची वेळ. पेढीवर वह्या उघडलेल्या आहेत, मुनीमजी जमाखर्च जुळवीत आहेत. एवढ्यात लोडाला टेकून बसलेले वडील एकाएकी एका बाजूस कलंडतात. हाक मारली तरी उत्तर नाही. श्वास नाही, किंवा मधूनच एखादा आचका तेवढा लागतो. असा प्रसंग कोणाच्याही घरी येऊ नये. परंतु आलाच, तर रुग्णवाहिका दारात येईपर्यंतची मिनिटे घरच्याच माणसांच्या हाती असतात.

हृदय बंद पडल्यावर साधारणतः 4 ते 6 मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. छाती न उघडता, केवळ बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्समधील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या त्रयीने 1960 साली जगापुढे मांडले. त्यांपैकी कौवेनहोवेन हे तर विद्युत अभियंता होते. आज या उपचारास आपण सीपीआर म्हणतो. त्याचे नाव बहुतेकांनी ऐकले आहे. मात्र दाब देणाऱ्याने कसे बसावे आणि त्याने कधी थांबावे, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. दाबाचा गुण तर यावरच अवलंबून असतो.

पहिली गोष्ट जागेची. मऊ गादीवर दिलेला दाब पुष्कळसा गादीतच जिरतो. छाती मात्र पुरेशी दबत नाही. म्हणून दोघातिघांनी मिळून रुग्णास तत्काळ खाली फरशीवर उताणे निजवावे. पलंगाच्या बाबतीतही हेच. एकटे असाल आणि हलविणे शक्यच नसेल, तर वेळ न दवडता आहे तेथेच आरंभ करावा.

दुसरी गोष्ट बैठकीची. रुग्णाच्या छातीलगत, अगदी जवळ, दोन्ही गुडघे खांद्यांइतके अंतर ठेवून टेकावेत. एका तळहाताचा मनगटाजवळील भाग छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवावा. दुसरा हात त्यावर. कोपरे ताठ, आणि खांदे बरोबर हातांच्या वर. दाब दंडाच्या बळाने न देता कमरेतून पुढे झुकून शरीराच्या भाराने द्यावा. दूर बसल्यास दाब तिरपा पडतो. कोपरे वाकल्यास सारा ताण दंडांवर येऊन माणूस लवकर थकतो. ज्यांचे वजन कमी आहे, त्यांनी तर ही बैठक विशेष सांभाळावी.

प्रौढ व्यक्तीची छाती किमान 5 सेंटिमीटर दबली पाहिजे. 6 च्या पुढे जाऊ नये. वेग मिनिटाला 100 ते 120. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी, कारण हृदयात रक्त भरते ते त्याच क्षणी.

आता तिसरी गोष्ट, थकव्याची. सरावाच्या पुतळ्यांवर केलेल्या अनेक अभ्यासांत असे आढळले आहे की, पहिल्या एक-दोन मिनिटांतच दाबाची खोली घटू लागते. वेग बहुधा तसाच राहतो, म्हणून पाहणाऱ्यास सर्व सुरळीत भासते. दाब देणाऱ्यालाही आपण थकलो हे बऱ्याच उशिरा कळते. थकलेला माणूस नकळत छातीवर रेलून राहतो आणि ती पुरती वर येत नाही. वडिलांसाठी जिवाचे रान करणारा मुलगा ‘मी थकलो नाही’ असे म्हणेल. त्याच्या मायेविषयी शंका नाही, पण त्याच्या स्नायूंचा हिशेब वेगळा असतो.

यास्तव नियम असा, की दर 2 मिनिटांनी माणूस बदलावा. थकवा जाणवल्यास त्याआधीही. मोजण्यास सोपे म्हणजे साधारण 200 ते 240 दाब. पाळी घेणाऱ्याने आधीच समोरच्या बाजूस गुडघे टेकून सज्ज राहावे आणि 5 सेकंदांच्या आत हात बदलावेत. दाब थांबताच हृदयाला मिळणारा रक्तपुरवठा झपाट्याने घटतो, आणि तो पुन्हा पूर्वपदावर येण्यास अनेक दाब द्यावे लागतात. म्हणून बदलताना घोळ नको.

घरात वा दुकानात चार माणसे असतील, तर कामे वाटून घ्यावीत. एकाने 108 वर दूरध्वनी करून स्पीकर सुरू ठेवावा. दोघांनी आळीपाळीने दाब द्यावेत. ज्यांना गुडघे टेकता येत नाहीत अशा आजींनीही मोठ्याने आकडे मोजावेत आणि घड्याळाकडे लक्ष ठेवून ‘बदला’ असे सांगावे. हे काम किरकोळ नाही; थकणाऱ्याला स्वतःला जे कळत नाही, ते त्यांना कळते. ज्याने प्रशिक्षण घेतलेले नाही, त्याने केवळ दाब दिले तरी चालतात. मदत येईपर्यंत किंवा रुग्ण श्वास घेऊन हालचाल करू लागेपर्यंत थांबू नये.

हे वाचून हात तयार होत नाहीत. त्यासाठी पुतळ्यावरचा सराव हवा. दिवाळीच्या सुटीत सारे कुटुंब एकत्र येते. त्यातील एक सकाळ प्रशिक्षकास बोलावून यासाठी ठेवावी, आणि पेढीवरील मुनीमजी व नोकरमाणसांनाही त्यात आवर्जून बसवावे. दुपारच्या त्या वेळी जवळ असतील, ते बहुधा तेच.