खांदेरीचा वाद, पनवेलची फौज आणि युरोपचे पुनःशस्त्रीकरण

युरोपातील राष्ट्रे पुन्हा शस्त्रसज्ज होऊ लागली आहेत. जर्मनीने २०२२ मध्ये सैन्यासाठी १०० अब्ज युरोंचा खास निधी उभारला. २०२५ च्या हेग परिषदेत नाटोने २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्के संरक्षणखर्चाचे उद्दिष्ट ठरविले. हे 'दंडशक्तीचे पुनरागमन' होय, असे म्हटले जाते. तथापि दंडशक्ती प्रत्यक्षात कार्य कशी करते, हे समजण्यास कोकणातील एक जुने प्रकरण अधिक उपयुक्त आहे.

१६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी थळसमोरील खांदेरी बेटावर मायनाक भंडारी याच्याकरवी तटबंदीस आरंभ केला. बेट मुंबईच्या हद्दीतील, असा इंग्रजांचा दावा होता. बेटावर मात्र त्यांचे ठाणे नव्हते. १८ ऑक्टोबरच्या झुंजीत मराठी आरमाराने 'डोव्हर' हे गुराब जातीचे जहाज पकडले, पण एकट्या 'रिव्हेंज'ने उरलेल्या गलबतांना नागोठण्याच्या खाडीकडे पिटाळले. म्हणजे समुद्रावर इंग्रज हरले नव्हते. परंतु मराठ्यांच्या लहान होड्या रात्री पहारा चुकवून बेटावर रसद पोहोचवीतच राहिल्या. शिवाय महाराजांची चार-पाच हजारांची फौज कल्याणास उतरली. ठाण्यावरून जाण्यास पोर्तुगीजांनी वाट नाकारली, तेव्हा ती पनवेलकडे वळली. पनवेल हे तुर्भ्यासमोरील बंदर. तेथून शिबाडांत बसून मुंबई गाठता येई. फौज खाडीपार गेली नाही. ती जाऊ शकते, ही जाणीवच मुंबईकर इंग्रजांच्या हिशेबात शिरली. १६८० च्या आरंभी त्यांनी जहाजे मागे घेतली. खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. पनवेलची फौज प्रतिपक्षाला मागे सारण्यासाठी होती. जर्मनीने लिथुएनियात ठेवावयाचे ठरविलेले सुमारे ५,००० सैनिकांचे ब्रिगेड प्रतिपक्षाने पुढे येऊच नये यासाठी आहे. पहिले दडपण, दुसरे प्रतिरोधन. संख्या जवळपास सारखी असली तरी दुसऱ्याचे यश मोजणे फार अवघड, कारण न घडलेल्या आक्रमणाची नोंद कोणत्याच दप्तरात सापडत नाही. खर्चात काटकसर करू पाहणाऱ्यांना नेमका तेथेच वाव मिळतो. शीतयुद्ध संपल्यावर युरोपीय सैन्ये आकसत गेली. जर्मनीने २०११ मध्ये सक्तीची लष्करभरतीही स्थगित केली.

खांदेरीनंतर कंपनीनेही हेच केले. मुंबईच्या शिबंदीचा पगार कापण्यात आला. खांदेरीच्या झुंजीत इंग्रजी आरमाराचे नेतृत्व करणाऱ्या केग्विननेच २७ डिसेंबर १६८३ रोजी बंड करून मुंबईचा ताबा घेतला आणि नोव्हेंबर १६८४ पर्यंत तो सोडला नाही.