ओळख बेसबॉलची – भाग ४ : राइट फील्डमधला हात

मागच्या भागात पिचर आणि बॅटर यांची झुंज पाहिली. आता त्यांच्यापासून दूर, गवतावर उभ्या असलेल्या तिघा आउटफिल्डरांकडे वळू. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘बेसबॉल युनायटेड’ लीगने दुबईच्या क्रिकेट स्टेडियमवर सामने भरवले, तेव्हा सोनेरी चेंडूचा नवा नियम आणला : त्या चेंडूवर होमरन मारला, तर धावा दुप्पट. ‘मुंबई कोब्राज’ हा संघही याच लीगचा. दुबईतल्या रास अल खोरच्या गॅरेजांत आणि गोदामांत राबणाऱ्या, क्रिकेटवर पोसलेल्या मराठी माणसाला षटकाराची गोडी लावून बेसबॉलकडे ओढता येईल, हा हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. क्रिकेट जाणणाऱ्याला हा खेळ खरा उलगडतो तो आउटफिल्डमध्ये, आणि इचिरो सुझुकीची कारकीर्द याचा भक्कम पुरावा आहे.

राइट फिल्डर इचिरो २००१ मध्ये जपानच्या ओरिक्स संघातून अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल मरिनर्सकडे आला. बेसबॉलमध्ये झेल घेतला तरी चेंडू मृत होत नाही. तळावर पाय ठेवून थांबलेला रनर झेल होताच पुढे धावू शकतो. म्हणून झेलाइतकीच त्यानंतरची फेक मोलाची. राइट फील्डपासून तिसरा तळ खूप लांब, त्यामुळे तिथे दणकट हाताचा खेळाडू लागतो. ११ एप्रिल २००१ रोजी ओकलंडमध्ये टेरन्स लाँग पहिल्या तळावरून तिसऱ्याकडे सुटला आणि इचिरोची फेक थेट तिसऱ्या तळावर येऊन तो बाद झाला. अशा फेकीचा खरा लाभ पुढे मिळतो : हात ठाऊक झाला की रनर धावायलाच धजत नाही, आणि न झालेली धाव स्कोअरकार्डात दिसत नाही. इचिरोने २००१ ते २०१० फील्डिंगसाठीचे सलग दहा ‘गोल्ड ग्लव्ह’ पुरस्कार मिळवले.

यावर आक्षेप येतो की अमेरिकेतल्या १९ हंगामांत त्याचे होमरन अवघे ११७. होमरन म्हणजे हमखास धाव. एकेका तळाच्या हिटला ती किंमत नाही, हे मान्यच. पण २००४ मध्ये त्याने २६२ हिट मारून जॉर्ज सिसलरचा १९२० पासूनचा २५७ चा विक्रम मोडला, आणि कारकिर्दीत ५०९ तळ चोरले. पहिल्या तळावर पोचलेला असा माणूस पुढच्याच क्षणी दुसऱ्यावर असू शकतो. दुसरा आक्षेप असा, की नव्या प्रेक्षकाला फील्डिंगची बारीक नजर कुठून असणार? मुंबईच्या माणसाबद्दल तरी ही शंका घेऊ नये. एकनाथ सोलकरची कसोटीतली फलंदाजीची सरासरी पंचविशीतली. तरी २७ कसोटींतल्या ५३ झेलांसाठी त्याचे नाव आजही आदराने निघते. तो फलंदाजाच्या पुढ्यात उभा राहायचा, इचिरो मैदानाच्या टोकाला, पण दोघांना जोखणारी नजर एकच.

जानेवारी २०२५ मध्ये इचिरोची हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली, ३९४ पैकी ३९३ मतांनी. दुबईत कोब्राजचा सामना पाहायला गेलात आणि पहिल्या तळावर रनर असताना चेंडू उजवीकडे गेला, तर नजर बॅटरवर ठेवू नका. राइट फिल्डरचा हात पाहा.