अंबाडी, लाकूड आणि कागदाचा लगदा

अंबाडीचे भारे पाण्यांत दाबून ठेविले म्हणजे कांहीं दिवसांनीं साल सुटून तंतू मोकळे होतात, हें आपणां शेतकऱ्यांस ठाऊक आहे. हें काम नुसतें पाणी करीत नाहीं. पाण्यांतील सूक्ष्म जंतू कांहीं द्रव्यें स्रवतात व तीं तंतूंस चिकटविणारा पेक्टिन नांवाचा डिंक सोडवितात. अशा द्रव्यांस विकरें म्हणतात. भारे वेळेवर न काढिल्यास मात्र तंतूही कुजतो व दोर कच्चा होतो. कागदाच्या लगद्यांत विकरें वापरण्याचें मर्म याच अनुभवांत आहे.

आपल्या नाशिकरोड येथें छापल्या जाणाऱ्या नोटांचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. लाकडांत तें निम्म्याहून कमी असून बाकीचा भाग मुख्यतः लिग्निन व हेमिसेल्युलोज यांचा असतो. बल्लारपूर येथें बांबू व लाकूड यांपासून कागद होत आला आहे. अशा कामीं लाकडाचे तुकडे क्षारांत शिजवून बहुतेक लिग्निन काढितात. उरलेल्या लिग्निनामुळें लगदा तपकिरी दिसतो, व तो पांढरा करण्यास क्लोरीनयुक्त द्रव्यें लागतात. त्यांचा अवशेष सांडपाण्यांत उतरतो.

शिजलेल्या तंतूवर झायलॅन नामक हेमिसेल्युलोजचा थर बसतो व तो लिग्निनास अडकवून ठेवितो. झायलॅनेज हें विकर हा थर कातरतें. मग लिग्निन सहज निघतें आणि क्लोरीन कमी पुरतो. हा उपयोग फिनलंडमधील संशोधकांनीं १९८६ सालीं पुढें आणिला.

परंतु पुष्कळ जंतू झायलॅनेजबरोबर सेल्युलेजही स्रवतात, आणि तें सेल्युलोजच तोडतें. अत्यल्प मात्रेनें त्याचाही लाभ होतो, कारण लगदा कुटण्यास श्रम कमी लागतात. मात्रा वाढली कीं कागद दुबळा होतो. शिवाय शिजून आलेला लगदा ऊन व क्षारयुक्त असल्यानें पुष्कळ विकरें त्यांत निकामी ठरतात. म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें १९९२ सालीं प्रसिद्ध केलेलें काम मोलाचें आहे. क्षारांत वाढणाऱ्या एका बॅसिलस जंतूपासून तेथील संशोधकांनीं सेल्युलेजरहित झायलॅनेज मिळविलें. म्हणजे डिंक सुटावा पण तंतू कुजूं नये, ही अंबाडीवाल्याची जुनी इच्छाच तेथें साधली.

आपल्या दृष्टीनें यांत एक सावधगिरी आहे. झायलॅनेज लिग्निन नाहींसें करीत नाहीं, केवळ त्याची वाट मोकळी करितें. त्यामुळें शिजविणें टळत नाहीं, विरंजन टळत नाहीं, आणि सांडपाण्याची शुद्धि तर मुळींच टळत नाहीं. बांधावरची निलगिरी व सुबाभूळ गिरणीस विकणारा शेतकरी आपला, तसाच गिरणीच्या खालच्या अंगास नदीवर मोट लावून राहिलेल्याचा नातू, जो आज पंपानें तेंच पाणी उपसतो, तोही आपलाच. गिरणी विकरें वापरते, एवढ्या उत्तरावर त्यानें समाधान मानूं नये; पाण्याच्या तपासणीचा कागद मागावा.