पोहणाराच्या फुप्फुसांतील पाणी

पोहणें हा सर्वांगास श्रम देणारा उत्तम व्यायाम होय, याविषयीं दुमत नाहीं. त्यांतील बुडण्याचा धोकाही सर्वांस ठाऊक आहे. परंतु कधीं कधीं पट्टीच्या पोहणाराच्याही छातींत पाणी सांचतें, आणि तें पाणी नदीचें किंवा समुद्राचें नसून त्याच्या स्वतःच्या रक्तांतून आलेलें असतें, ही गोष्ट फार थोड्यांस माहीत असते. या विकाराची ओळख आम्ही येथें करून देत आहों.

प्रथम फुप्फुसाची रचना पाहूं. आपल्या फुप्फुसांत कोट्यवधि सूक्ष्म वायुकोश असून प्रत्येकाभोंवतीं केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचें जाळें असतें. कोशांतील हवा व वाहिनींतील रक्त यांमधला पडदा एका मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाहूनही पातळ असतो. म्हणूनच प्राणवायु त्यांतून सहज पार होतो. परंतु या पातळपणामुळेंच, रक्ताचा दाब मर्यादेबाहेर वाढला कीं रक्तांतील पाणी कोशांत झिरपूं लागतें.

हा दाब पोहतांना कां वाढतो? त्यास मुख्य कारणें तीन. माणूस जमिनीवर उभा असतां बरेंचसें रक्त पायांकडे उतरलेलें असतें. तो पाण्यांत शिरला म्हणजे पाण्याचा भार हातापायांवर सर्व बाजूंनीं पडतो आणि अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त छातीकडे ढकललें जातें. पाणी थंड असल्यास त्वचेजवळील वाहिन्या आकुंचन पावून आणखी रक्त आंत लोटतात. शिवाय श्रमामुळें हृदय अधिक वेगानें रक्त फेंकूं लागतें. तीन ओढ्यांना एकाच वेळीं पूर यावा आणि बांध पाझरूं लागावा, तशी मग फुप्फुसाची स्थिति होते.

१९८९ मध्यें डॉ. विल्मशर्स्ट व त्यांचे सहकारी यांनीं थंड पाण्यांतील पाणबुडे व पोहणारे यांना होणाऱ्या या विकाराचें वर्णन ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत केलें. पुढें १९९५ मध्यें इस्रायलमधील आठ तरुण सैनिकांची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांनीं पोहण्यापूर्वीं सुमारें पांच लिटर पाणी पिऊन घेतलें होतें. शरीरांत द्रव आधींच वाढलेला, त्यांत कठोर श्रमांची भर पडली. स्वीडनमधील वान्सब्रू येथें उन्हाळ्यांत नदींत तीन किलोमीटर पोहण्याची मोठी शर्यत होते. तेथील डॉक्टरांनीं अनेक वर्षें नोंदी ठेविल्या, तेव्हां हजारीं सुमारें चार जणांस हा विकार झाल्याचें आढळलें; त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. ज्यांचा रक्तदाब वाढलेला असतो, त्यांसही हा धोका अधिक.

याचीं लक्षणें ध्यानांत ठेवावीं. पोहतां पोहतां श्रमाच्या मानानें फार दम लागतो, खोकला येतो, छातींत घरघर ऐकूं येते आणि कधीं गुलाबी फेंसाळ थुंकी पडते. अशा वेळीं सोबती म्हणतात, “घाबरला आहे,” किंवा “पाणी नाकातोंडांत गेलें.” पोहणाराही लाजेनें पुढें हात मारीत राहतो. हाच खरा धोका होय. कारण श्रम चालूं असेपर्यंत पाझर थांबत नाहीं, आणि क्वचित् प्रसंगीं प्राणही जातो.

उपाय मात्र साधा आहे. पोहणें तत्काळ थांबवून हात वर करावा व मदत मागावी. किनाऱ्यावर आणलेल्या माणसास आडवें न निजवितां टेकूं देऊन बसवावें, अंगावरील घट्ट पोशाख काढावा, कोरड्या वस्त्रांत ऊब द्यावी आणि विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावें. तेथें प्राणवायु दिल्यास बहुतेकांस लवकर आराम पडतो आणि एकदोन दिवसांत फुप्फुस निवळतें. मात्र एकदां झालेला विकार पुनः होऊं शकतो. म्हणून हृदयाची व रक्तदाबाची तपासणी झाल्यावांचून पुनः पाण्यांत उतरूं नये.

हें वाचून कोणीं पोहणें सोडावें, अशी आमची मुळींच इच्छा नाहीं. एकट्यानें पोहूं नये, पोहण्यापूर्वीं पोटभर पाणी पिऊं नये, थंड पाण्यांत हळूहळू उतरावें, आणि दम अवेळीं लागला तर शर्यत सोडून द्यावी, एवढेंच पालकांनीं मुलांच्या मनावर बिंबवावें. शर्यत पुढल्या वर्षींही येते. अर्ध्या वाटेवरून परत फिरण्यांत कोणताही कमीपणा नाहीं.